दिलेले कान

उल्हास टिपणिसांचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी दाराची बेल गेली, मग फोनवर बोलणारी माणसं गेली, मग टेक्ससमधून व्हिडिओवर दिसणारी नात गेली. म्हणजे ती दिसायची, तिचे ओठ हलायचे, पण बोलणं पोचायचं नाही. टीव्ही मात्र असा लागायचा की न्यू जर्सीतल्या एडिसनच्या त्या गल्लीत कुत्रं फिरवणाऱ्या शेजाऱ्यालाही कुणाची मॅच चाललीय ते कळावं. उल्हासरावांचं मत असं होतं, की आपल्या कानांना काही झालेलं नाही, हल्ली लोकच पुटपुटतात.

सुहासिनीनं सुरुवातीला सगळं दोनदा सांगितलं. मग मोठ्यानं सांगितलं. मग ओरडून. 'अहो' हा शब्द ओरडण्यासाठी नाहीच, हे तिला सत्तरीला आल्यावर कळलं. जेवायला चला, गराजचं दार उघडं राहिलंय, उद्या डॉक्टरांकडे जायचंय, एवढं ओरडून सांगता येतं. पण खिडकीबाहेर लाल पक्षी येऊन बसलाय, काल स्वप्नात आई आली होती, हे कसं ओरडणार? ओरडलं की त्यातला जीवच जातो. मग अशा गोष्टी ती सांगेनाशी झाली. बोलल्याशिवाय तर राहवत नाही, म्हणून स्वतःशीच बोलायला लागली. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, त्यांच्या समोर बसूनसुद्धा. त्यांना कुठे ऐकू येत होतं?

त्यांचा मुलगा अमेय टेक्ससमधल्या प्लेनोहून आला होता, तेव्हा त्यानं हट्टानं वडिलांना कानांच्या तज्ज्ञाकडे नेलं आणि चांगल्यातली हिअरिंग एडची जोडी घेऊन दिली. उल्हासरावांनी ती चार दिवस घातली. ताटल्यांचा आवाज डोक्यात जातो, पेपर उलटला की कुणी पत्रा फाडतंय असं वाटतं, आपलंच चावणं आपल्याला ऐकू येतं, जेवणावरची वासना उडाली. पाचव्या दिवशी जोडी डबीत आणि डबी पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये गेली. अमेय परत गेल्यावर तिचं नावही कुणी काढलं नाही.

सुहासिनीची एक जुनी मैत्रीण होती, तिलगवती. सगळे तिला तिलगा म्हणत. दोघींनी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शेजारी बसून आयुष्यातली चांगली वीस-बावीस वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्या होत्या. तिलगा जाफन्याची तमिळ. त्र्याऐंशीच्या दंगलींनंतर तिनं श्रीलंका सोडली, आधी लंडनला गेली आणि मग न्यू जर्सीला आली. धाकटा भाऊ मात्र तिकडेच राहिला. २००९ साली तिथलं यादवी युद्ध संपत आलं, तेव्हा मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर वाळूच्या एका पट्टीत लाखो माणसं अडकली होती, त्यांत तोही होता. वाचला, पण तोफगोळ्यांनी कान गेले. तिलगानं फोन केला की फोन त्याची बायको घ्यायची आणि म्हणायची, "ते बसलेत इथे. बरे आहेत."

"पाय गेलेला माणूस दिसतो," तिलगा म्हणायची. "कान गेलेला दिसत नाही. लोक त्याला एक तर मंद समजतात, नाहीतर शिष्ट."

त्यातूनच तिनं आणि तिच्या ओळखीच्या काही घरांनी मिळून 'सेवि' नावाची छोटी संस्था काढली होती. तमिळमध्ये सेवि म्हणजे कान. न्यू जर्सी आणि टोरांटोतली तमिळ कुटुंबं पैसे घालायची आणि त्यावर मुल्लैतीवूजवळ कानांचा एक दवाखाना चालायचा. जाफन्याहून एक सर्जन महिन्यातून एकदा येऊन फाटलेले पडदे शिवायचे, वर्षानुवर्षं वाहणारे कान बरे करायचे. निरोशा नावाची नर्स कायम तिथे असायची. ज्यांना ऑपरेशनचा उपयोग नव्हता, त्यांना यंत्रं दिली जायची, आणि ती यंत्रं बहुतेक अमेरिकेतून जायची. कारण इथे म्हातारी माणसं जातात आणि त्यांची हिअरिंग एड घरच्यांना टाकवतही नाहीत आणि ठेवून करायचं काय तेही कळत नाही. ती गोळा करायची, साफ करायची, तिलगाची सून अभिरामी कानांची तज्ज्ञ होती, तिच्याकडून तपासून घ्यायची आणि कुणी कोलंबोला निघालं की त्याच्याबरोबर द्यायची. निवृत्त झाल्यापासून सुहासिनी दर शनिवारी तिलगाच्या तळघरात बसून मऊ ब्रशनं ही साफसफाई करत असे.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात तिनं पहिल्यांदाच स्टेजवर जाऊन दोन शब्द सांगितले. "आपल्या घरांतून गेलेल्या माणसांची यंत्रं ड्रॉवरमध्ये पडून असतात. ती कुणाच्या तरी कानाला लागू देत," एवढं बोलून ती खाली उतरली. दाराजवळ श्रीखंडाचा मोठा डबा धुऊन पुसून ठेवला होता. लोक जेवून निघताना त्यात काही ना काही टाकत होते. एका बाईंनी सासऱ्यांचं यंत्र हातरुमालात बांधून आणलं होतं, आणि रुमाल मात्र परत मागून घेतला. घरी येताना डबा बऱ्यापैकी भरला होता. तिलगाच्या ओळखीचं कुणी त्याच आठवड्यात कोलंबोला निघालं होतं, म्हणून सुहासिनीनं डबा तसाच अभिरामीकडे पोचवला.

मे महिन्यात कानांच्या तज्ज्ञाकडून फोन आला: टिपणिसांची वर्षाची तपासणी राहिलीय, यंत्रं घेऊन या. सुहासिनीनं ड्रॉवर उघडला. डबी नव्हती. तिनं पलंगाखाली पाहिलं, औषधांच्या टोपलीत पाहिलं आणि दिवाणखान्यात येऊन टीव्हीसमोर उभी राहिली.

"अहो, तुमची यंत्रं कुठायत?"

"मंत्र? कसले मंत्र?"

"यंत्रं." तिनं कानाला हात लावून दाखवला.

"ती होय. ती दिली की मी. तुझ्या डब्यात."

सुहासिनी खालीच बसली.

"पडून होती नुसती," उल्हासराव म्हणाले. "तूच म्हणालीस ना, कुणाच्या तरी कानाला लागू देत. माइकवर बोललीस, म्हणून चांगलं ऐकू आलं."

"ते गेलेल्या माणसांचं म्हणत होते मी. तुम्ही जिवंत आहात."

"काय?"

"तुम्ही जिवंत आहात," ती ओरडली.

मग भांडण झालं. पण त्या घरात भांडणही धड होत नसे. चिडून बोललेलं आणि नुसतं ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोललेलं, त्यांना दोन्ही सारखंच वाटायचं. "ओरडतेस कशाला एवढी?" ते म्हणाले, आणि तिला रडू आलं. ते गोंधळून उठले, पाण्याचा ग्लास घेऊन आले, तिच्या शेजारी बसून राहिले. कशासाठी रडतेय ते त्यांना कळलं नव्हतं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तिलगाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "परत मागवते. त्यात काय? चूक झाली म्हणून सांगेन निरोशाला." पण जोडी तोवर एका बाईच्या कानांच्या मापानं बसवून झाली होती. सुगंती तिचं नाव, शाळेचे गणवेश शिवते. दुसऱ्याच्या कानातून काढून आणायचं म्हणजे काय, असं वाटून सुहासिनीनंच नको म्हटलं.

"नवीन घेता येतील," ती म्हणाली. "प्रश्न तो नाही. त्यांनी यंत्रं दिली नाहीत गं. तुझं बोलणं मला ऐकायचं नाही, असं सांगितलं मला."

तिलगा चहाचे कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "माझा भाऊही काढून ठेवतो. मी पाठवलेली. मला वाटतं, त्याचा माझ्यावर राग आहे. मी निघून आले म्हणून. पण हे विचारलं कधी नाही."

दोघी मग बराच वेळ ब्रश घेऊन काम करत बसल्या.

जुलैमध्ये निरोशानं कळवलं की सुगंतीला त्या देणाऱ्या माणसाशी बोलायचं आहे. उल्हासराव आधी तयार नव्हते. आभार-बिभार कशाला, आणि मला ऐकू तरी काय येणार? पण तिलगा स्वतः घरी आली, आणि बाईमाणसाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. एका रविवारी सकाळी तिघं तिलगाच्या तळघरात लॅपटॉपपुढे बसली. तिकडे संध्याकाळ झाली होती. अभिरामीनं उल्हासरावांच्या डोक्यावर मोठाले हेडफोन चढवले आणि आवाज असा लावून दिला की त्यांच्या भुवया वर गेल्या.

पडद्यावर चाळिशीची एक सडपातळ बाई होती. केस घट्ट बांधलेले, खांद्यावर शिंप्याची टेप तशीच राहिलेली. शेजारी शाळेतली मुलगी, यालिनी. सुगंती तमिळमध्ये बोलू लागली आणि तिलगा त्याचं इंग्रजी करून माइकमध्ये सांगू लागली.

गोळा पडला तेव्हा ती वाळूत खणलेल्या खड्ड्यात आईला बिलगून बसली होती. पोटात यालिनी होती. आई गेली. सुगंतीला जाग आली तेव्हा सगळी माणसं तोंड उघडत होती आणि आवाज कुठेच नव्हता. पुढे छावणीत मुलगी झाली. ती रडतेय हे तिला मुलीच्या छातीवर हात ठेवून कळायचं. यालिनी बोलायला शिकली तीच मुळी आईची हनुवटी धरून, तिचं तोंड आपल्याकडे वळवून.

उल्हासराव हेडफोन दोन्ही हातांनी धरून ऐकत होते. सुहासिनीनं त्यांना इतकं स्थिर बसलेलं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग सुगंती थांबली, मुलीकडे बघितलं आणि पुढचं जरा चाचरत म्हणाली. तिलगानं ते लगेच सांगितलं नाही. तिला दोनदा विचारून खात्री केली, मग म्हणाली, "ती म्हणतेय, अय्यांनी, म्हणजे तुम्ही, रागावू नये. पण तिला ती यंत्रं परत करायची आहेत. म्हणून फोन करायचा होता."

"का?" उल्हासरावांनी विचारलं.

"फार आवाज येतो म्हणते. कावळे इतके ओरडतात हे ती विसरून गेली होती. शिवणयंत्राचा आवाज तर आगगाडी अंगावर आल्यासारखा. पंधरा वर्षं ती त्या मशीनवर बसतेय, पण ते असलं काही करतं हे तिला माहीतच नव्हतं."

"आणि ताटल्या?" उल्हासराव म्हणाले.

तिलगानं विचारलं. सुगंतीनं दोन्ही हात कानांवर दाबून डोळे मिटले.

"आणि स्वतःचं चावणं?"

सुगंती हसायला लागली. उल्हासरावही हसले. मग दोघांची यादीच सुरू झाली: पेपर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, नळ, दुसऱ्याचं नाक ओढणं. तिलगाला भाषांतर करता करता धाप लागली. एका श्वासात बोलत सुटलेल्या आपल्या नवऱ्याकडे सुहासिनी बघत राहिली.

मग सुगंतीनं साधंच विचारलं, "अय्यांना किती दिवसांनी सवय झाली?"

उल्हासरावांनी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. सुहासिनीकडे मात्र बघितलं नाही.

"तिला सांग, मला माहीत नाही," ते तिलगाला म्हणाले. "मी चार दिवसांत काढून ठेवली. सवय होते की नाही, मला खरंच माहीत नाही."

तिलगा घुटमळली.

"जसं म्हणालो तसंच सांग."

तिनं सांगितलं. सुगंती काही बोलायच्या आत यालिनीच पुढे सरकली आणि शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, अम्मानं आठ दिवस घातली. त्या आठ दिवसांत मी तिला पाठीमागून हाक मारली आणि तिनं वळून बघितलं. अशी हाक मी जन्मात कधी मारली नव्हती. तिला सांगा ना, काढू नको म्हणून."

उल्हासरावांनी चष्मा काढून पुसला. नंतर सुहासिनीनं त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की त्यांना तेव्हा आपली नात अंतरा आठवली. तीही हाका मारायची, "आजोबा, लुक." मग तिनं हाका मारणं सोडून दिलं, आणि कधी सोडलं तेही त्यांना कळलं नव्हतं.

"मी तिला कसं सांगू?" ते शेवटी म्हणाले. "मी स्वतः घालत नाही. असं करू. मी नवीन घेतो. रोज थोडा वेळ मी घालतो, थोडा वेळ तिनं घालायची. रविवारी दोघांनी सांगायचं, काय काय ऐकलं. जमेल का विचार."

सुगंतीनं टेप खांद्यावरून काढली, हाताभोवती गुंडाळली, विचार केला. मग मान हलवली.

नवी जोडी आली. उल्हासराव जातीचे इंजिनिअर, हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं त्यांना जमत नसे. एवढंच की हे काम त्यांनी आजवर हाती घेतलंच नव्हतं. रोज नाश्त्यानंतर ते यंत्रं चढवून, तोंड वाकडं करून, शिक्षा भोगायला बसल्यासारखे बसत. पण रविवारी सांगायला काही हवं म्हणून कान टवकारत. गाडी वळवताना इंडिकेटर टिकटिक करतो हा शोध त्यांना त्या उन्हाळ्यात पुन्हा लागला. फ्रिज गुणगुणतो. लाकडी जिन्याची वरून तिसरी पायरी कुरकुरते. सुगंती सांगायची: तांदूळ धुताना पाण्याचा आवाज आधी एक असतो, मग दुसरा होतो. पाल चुकचुकली. मुलगी झोपेत बोलते. शिवणयंत्रावर बसताना ती अजूनही यंत्रं काढूनच ठेवायची, आणि उल्हासरावांनी त्याला मंजुरी दिली होती. मॅच बघताना आपणही काढून ठेवू, असं परस्पर ठरवून टाकलं होतं.

एकदा सकाळी सुहासिनी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि नेहमीच्या सवयीनं पुटपुटत होती. "आज पुन्हा तोच तपकिरी स्वेटर चढवलाय. त्याला म्हणावं पेन्शन द्या आता."

"निळा तू धुवायला टाकलायस," पेपरमागून आवाज आला.

तिचे हात थबकले. मग तिला आठवायला लागलं, गेल्या सात-आठ वर्षांत आपण ह्या माणसासमोर बसून काय काय बोललो असू. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "तुम्ही घातलीयत होय?" ती म्हणाली.

"घातलीयत." त्यांनी पेपर खाली केला. "तू दिवसभर बोलत असतेस, सुहास. मला वाटायचं तू गप्प गप्प झालीयस. वयाचं असेल म्हणून मी विचारलंही नाही."

घडी घातलेला टॉवेल तिनं उलगडला आणि पुन्हा घातला. ते उठून आले, चादरीची दुसरी दोन टोकं धरली, आणि दोघांनी मिळून तिची घडी घातली. चादरी घालून झाल्या, तसे ते अभ्रे उचलू लागले. अभ्र्यांना दोन माणसं लागत नाहीत, तरी तिनं घालू दिले.

दिवाळीनंतरच्या रविवारी सुगंती पडद्यावर आलीच नाही. निरोशा आली. दिवाळीत शेजारच्या घरी फटाके वाजले तेव्हा सुगंतीच्या कानात यंत्रं होती. तिनं ती ओरबाडून काढली, शिवणाच्या टेबलाखाली शिरली आणि यालिनीला खाली ओढून तिच्यावर पालथी पडून राहिली. मुलगी म्हणत होती, अम्मा, फटाके आहेत, फटाके आहेत, पण आता कानात काही नव्हतं, ऐकणार कशी? तेव्हापासून ती यंत्रांना हात लावत नव्हती. रोजची कामं करत होती, पण दिवे लागले की बाहेर बघायची नाही.

परतीच्या वाटेवर गाडी सिग्नलला थांबल्यावर उल्हासराव म्हणाले, "मी तिला ताटल्यांबद्दल सांगत बसलो."

"तुम्हाला काय माहीत?"

"तेच. मला वाटलं, तिचं आणि माझं सारखंच आहे. आवाजाचा त्रास, दुसरं काय?" सिग्नल हिरवा झाला तरी ते थांबून राहिले, मागच्यानं हॉर्न दिला, आणि त्या हॉर्नला ते दचकले. "ऐकू येत नव्हतं म्हणून ती इतकी वर्षं जरा सुरक्षित होती, सुहास. आणि आपण तिला ते दार उघडून दिलं."

पुढच्या रविवारी सुगंती आली. यंत्रं नव्हती, म्हणून यालिनी शेजारी बसून कागदावर लिहून दाखवत होती. चेहरा उतरलेला. तिनं पहिल्यांदा माफीच मागितली, ठरलं होतं ते मोडलं म्हणून. सुहासिनीला वाटलं, आता हे इंजिनिअरी थाटात काही उपाय सांगतील. ते म्हणाले, "तिला सांग, काही मोडलं नाही. यंत्रं डबीत राहू देत. घालावीशी वाटली तर घाल, नाही वाटली तर नको. मी रविवारी येत जाईन. तू लिही, मी वाचीन. मला काही घाई नाही, मी रिटायर्ड आहे."

यालिनीनं लिहिलं. सुगंतीनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद हातात धरून ठेवला.

त्याच आठवड्यात 'सेवि'ची बैठक होती. तळघरात आठ-दहा माणसं, मध्ये वड्यांची परात. उल्हासराव सभासद नव्हते, पण तिलगानं त्यांना बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं की यंत्राबरोबर एक माणूस द्यायला हवा. तमिळ बोलणारा, मनाच्या दुखण्याचं शिक्षण घेतलेला, दवाखान्यात बसणारा. अचानक होणारा मोठा आवाज यंत्रात दाबता येतो, तेवढं अभिरामी निरोशाला सांगून करून घेईल. पण माणसाच्या आत जो आवाज होतो त्याला बटण नाही. एक गृहस्थ म्हणाले, देणाऱ्यांना यंत्राचा फोटो पाठवता येतो, समुपदेशकाचा काय पाठवणार? "फोटो निघत नाही खरा," उल्हासराव म्हणाले. "मी मंडळात तसंच सांगीन."

मग तिलगा म्हणाली, "मी काल भावाला मेसेज केला. सरळ विचारलं, का काढून ठेवतोस? त्यानं लिहिलं, समुद्र ऐकू येतो म्हणून. त्या पट्टीवर रात्रंदिवस समुद्राचा आवाज होता." तिनं पदरानं डोळे टिपले. "मी एवढी वर्षं समजत होते, माझ्यावर राग आहे."

मंडळातल्या लोकांनी मदत केली. सगळ्यांनी नाही, पण पुरेशांनी. जानेवारीपासून दवाखान्यात एक समुपदेशक बाई बसू लागल्या. पहिल्या महिन्यात त्यांच्याकडे फारसं कुणी गेलं नाही. मग तिलगाचा भाऊ गेला, कारण बहिणीनं विचारलं होतं. मग सुगंती गेली. तिथे काय बोलणं व्हायचं ते उल्हासरावांनी कधी विचारलं नाही. ते रविवारी लॅपटॉपपुढे बसून आपली बातमी सांगायचे: बर्फ पडला की सगळीकडे शांत होतं, अंतरा टेक्ससहून फोनवर काहीतरी विनोद सांगते, तो अर्धा कळतो, पण आता मी हसण्याआधी तो कळेपर्यंत थांबतो. यालिनी ते कागदावर उतरवायची.

मार्चमधल्या एका सकाळी कागद दिसला नाही. सुगंतीनं केस कानामागे सारले होते आणि दोन्ही यंत्रं जागेवर होती. दिवसा नाही घालत, ती म्हणाली. संध्याकाळी, दार लावून घेतल्यावर, यालिनी अभ्यासाचं मोठ्यानं वाचते तेव्हा घालते. काही कळत नाही त्यातलं, सगळं रसायनशास्त्र आहे. पण ऐकते.

उल्हासराव काहीतरी मोठं बोलायला निघाले होते. तिलगानं त्यांना थांबवलं. "ती विचारतेय, अक्का कधी बोलतच नाहीत का? इतक्या रविवारांत फक्त अय्याच बोलतात."

सगळ्यांनी सुहासिनीकडे बघितलं. उल्हासरावांनी खुर्ची मागे घेतली आणि तिला पुढे सरकायला जागा करून दिली. एवढ्या लांबच्या, एवढं सोसलेल्या बाईशी बोलायचं काय? मग तिनं विचारलं, "आज काय केलंस जेवायला?"

सुगंतीनं सांगितलं, मासे मिळाले नाहीत, म्हणून शेवग्याच्या शेंगा घातलेलं सांबार. शेंगा दारातल्याच. आणि अक्कांनी?

"आम्ही अजून जेवलो नाही, इथे सकाळ आहे," सुहासिनी म्हणाली. "पण शेंगांची आमटीच करणार आहे. आमच्यात गूळ घालतात त्यात, थोडासा."

तिलगानं सांगितलं. सुगंतीनं यंत्रावर बोट ठेवून मान तिरकी केली, आणि गूळ शब्दाशी अडली. सांबारात गूळ? आपण नीट ऐकलं ना, असं तिनं विचारलं.

"नीट ऐकलंस," सुहासिनी म्हणाली, आणि आवाज मुळीच न चढवता तिला सांगू लागली, की आधी शेंगा वेगळ्या शिजवून घ्यायच्या, मग गूळ, मग चिंच, आणि फोडणी सगळ्यात शेवटी. उल्हासराव मागे बसून ऐकत होते. ही आमटी त्यांनी आयुष्यभर खाल्ली होती, पण ती कशी करतात हे त्यांना त्या दिवशी कळलं.